विळा घेऊन फिरायला

आमच्या अंतरवाली सराटीच्या माणसाला लहानसहान संकल्प करायची सोयच राहिलेली नाही. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी गावात उपोषणाला बसले, ते उठले सतराव्या दिवशी, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हातून ज्यूस घेऊन. तेव्हापासून अंबड तालुक्याबाहेर गावाचं नाव सांगितलं की समोरचा आदरानं बघतो. हाही आठ-दहा दिवस सहज उपाशी राहत असणार, अशा नजरेनं. आमची मजल एकादशीला भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर साबुदाण्याची खिचडी इथवर. बरं, शेजारच्या घनसावंगी तालुक्याकडं तोंड वळवावं, तर तिथं जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. नाशिकजवळच्या टाकळीला त्यांनी बारा वर्षं रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले असं सांगतात. एका हाताला सतरा दिवसांचं उपोषण, दुसऱ्या हाताला बाराशे नमस्कार आणि मधे मी, साखर वाढलेला.

डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. डॉक्टर शहरातले. तिथं माणूस पांढरे बूट घालून चालायला लागला की लोक कौतुक करतात. खेड्यात कामाशिवाय चालणारा माणूस म्हणजे पंचक्रोशीला घोर. वेशीबाहेर पडतो न पडतो तोच मोटारसायकल थांबते.

“काहून पायी निघाले, काका? बसा मागं.”

“नको रे, जातो पायीच.”

“बसा हो, मी तिकडंच चाललो.”

“तिकडं म्हणजे कुठं?”

“तुम्ही जाल तिकडं.”

दुसरा विचारतो, गाडी बंद पडली का? तिसरा आवाज खाली आणतो, काकू माहेरी गेल्या का? संध्याकाळी पारावर नक्की झालं, की हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी माझी गाडी ओढून नेली. मुलाच्या सासुरवाडीहून फोन आला तेव्हा मी चालण्यापेक्षा साखर परवडली असं ठरवलं.

सवयीवरची पुस्तकं सांगतात, एकवीस दिवस नेटानं करा, सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासूनच पाहिलं. त्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडून ती रोजच्या ठरलेल्या खुणेला बांधायला सांगितली, म्हणजे नाश्ता झाला की अमुक करायचं. २०१० साली छापलेल्या त्यांच्या निबंधात सवय अंगवळणी पडायचा काळ निघाला १८ ते २५४ दिवस. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात आहे. त्यातला २५४ वाला कुठला होता कळलं नाही, पण आमच्या भावकीतला असावा. मला मात्र त्या निबंधातली खूण तेवढी पटली. नाश्त्याला बांधायचं, तर शेतातल्या पाण्याच्या मोटरीला का नको?

आमच्याकडं मोसंबीची बाग आहे, ठिबकवर. शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसाची, दुसऱ्यात रात्रीची. मोटर चालू झाली की मी हातात विळा घेऊन निघायला लागलो. विळा महत्त्वाचा. कापायचं काहीच नसतं. पण विळा दिसला की मोटारसायकली थांबत नाहीत. विळेवाल्याला काम असतं, बूटवाल्याला आजार असतो, हे गावाला पाठ आहे.

पहिल्यांदा एकच ओळ धरली. झाडाखाली ओला गोल दिसला नाही की वाकायचं, ड्रिपर काढायचा, फुंकायचा, परत दाबून बसवायचा. बोअरचं पाणी क्षाराचं, भोकाशी पांढरी पुटं धरतात. कुठं खारीनं नळी कुरतडलेली असते. तिथं झाड कोरडं आणि माझा पायजमा ओला. एक ओळ संपली की पुढच्या ओळीत काय भानगड असेल म्हणून पाय आपोआप वळतात. बागेला वळसा पडतो, अर्धा तास कधी होतो कळत नाही, आणि उठाबशाही होतात, ज्या डॉक्टरांनी सांगितल्याच नव्हत्या.

बागाईतदाराला एक गोष्ट सांगावी लागत नाही. पाटानं धो धो पाणी सोडून बुंध्याशी तुंबवलं, तर मोसंबीला डिंक्या लागतो; तेच ताशी चार लिटरनं मुळाशी झिरपलं, तर झाड फळ धरतं. आपले संकल्प सगळे पाटपाण्याचे. एक जानेवारीला बांध फुटेस्तोवर सोडायचे आणि संक्रांतीच्या तिळगुळाला आटवायचे. शिवाय मोठ्या संकल्पाला साक्षीदार फार. तो मोडला की गाव विचारतं, म्हणून तोंड लपवत फिरावं लागतं आणि परत सुरू करायची लाज वाटते. लहान काम कुणाच्या नजरेतच येत नाही. काल बुडालं तर आज गुपचूप पुढं चालू.

हे गुपित फुटलं ते गल्लीतल्या गुरुजींमुळे. निवृत्त माणूस, साखर माझ्यापेक्षा वरची, जमीन वाट्यानं दिलेली. एका सकाळी ते बांधावर हजर. हातात कोराकरकरीत विळा, मुठीला दुकानाची चिठ्ठी तशीच. म्हणाले, “कोणीकडून फिरायचं?” मी त्यांना पलीकडच्या ओळी नेमून दिल्या आणि ड्रिपर कसा फुंकायचा ते दाखवलं. शिस्तीचा माणूस, ओळ सोडत नाहीत. त्यांची साखर उतरते आहे, माझी बाग भिजते आहे, आणि मजुरीचा विषय अजून दोघांनीही काढलेला नाही.