टीव्हीशेजारची गुढी

वेळूची उंच काठी, जरीचा खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर पालथा तांब्या. एवढा सरंजाम बाराव्या मजल्याच्या गॅलरीत मावत नाही. शिवाय सोसायटीचा नियम, जाळीबाहेर काही काढायचे नाही. म्हणून बाजारातून वीतभर तयार गुढी येते आणि विजयाची पताका टीव्हीशेजारी पंख्याच्या वाऱ्यावर फडकते.

कोवळा कडुलिंब, गूळ, ओवा, हिंग वाटून चटणी खायची ही रीत. पोरं तोंड वेंगाडतात, थोरले फोटोपुरती जिभेला लावून श्रीखंडाकडे वळतात. तेही डब्यातले, कारण चक्का टांगायचा कुठे? कडूचा वार्षिक कोटा तसाही पार्किंगच्या सभेत पूर्ण झालेला असतो.

शेजाऱ्यांना शुभेच्छा ग्रुपवर. समोरच्या दारातले काका दार न उघडता अंगठा पाठवतात. हेच काका सकाळी फेटा बांधून डोंबिवलीच्या स्वागतयात्रेत हजारो अनोळखी लोकांना हात जोडून आलेले असतात! सोय म्हणून बघावे तर उत्तमच: अनोळखी माणूस मेंटेनन्सची थकबाकी विचारत नाही.

गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवायची असते. उतरवलीत की गाठीतली चार पदके मोडून समोरच्या दारी देऊन या. बेल चालू आहे.