गरिबीचा पाचशेचा बाँड

तालुका कोर्टाच्या फाटकाशी, रसवंतीला लागून, छत्रीखाली बसलेला टायपिस्ट आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. ‘कशासाठी पाहिजे?’

‘फुकट वकील मिळतो म्हणाले, त्यासाठी.’

‘मग पाचशेचा बाँड आणा.’

विचारणारा शेतमजूर गप्प बसतो. बाजूला उभे असलेले चौघे मान डोलावतात, कारण त्यांच्याही हातात बाँडच असतो. ज्याला वकील परवडत नाही त्याने आधी पाचशे रुपये खर्चून ‘मला वकील परवडत नाही’ असे लिहून द्यायचे, यात आवारातल्या कोणालाही काही वावगे दिसत नाही. फी भरण्याची ऐपत नसल्याचा पुरावा म्हणून ऐपतच मागायची, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचा फोटो खरे तर बाररूममध्ये लावायला हवा.

फुकट वकिलाची तरतूद मात्र अगदी खरी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा. त्याच्या 12व्या कलमात स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेला माणूस, आपत्तीत सापडलेला माणूस अशी यादी आहे. यांना उत्पन्न विचारायचेच नाही. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची अट, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. आणि 13वे कलम तर फारच दिलदार: अर्जदाराने उत्पन्नाबद्दल केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, ते खोटे वाटण्याचे काही कारण असले तरच पुढची चौकशी. कायदा लिहिणाऱ्यांनी गरिबाच्या शब्दावर विश्वास ठेवला. तो शब्द कोणत्या कागदावर उतरवायचा, हे फाटकाबाहेरच्या मंडळींनी ठरवले.

खिडकीतला बाबू हे प्रतिज्ञापत्र वाचत नाही, चाचपतो. अंगठ्याने वरचा रंगीत छापील भाग दाबून पाहतो, पाचशेचा आकडा बघतो, विक्रेत्याचा शिक्का बघतो आणि समाधानाने टाचणी मारतो. खालचा मजकूर वाचायची पाळी कधी आलीच, तर त्याचे फार हाल होतील. कारण तो मजकूर टायपिस्टच्या कॉम्प्युटरवर एकाच फाइलमध्ये राहतो आणि गिऱ्हाईक बदलले की फक्त नाव बदलते. मिशीवाला मजूर सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की तो ‘सदर अर्जदार श्रीमती’ आहे आणि पतीपासून विभक्त राहते. खाली वकीलसाहेबांची सही: ‘मी प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास व्यक्तिशः ओळखतो.’ ही जुनी ओळख पेन उघडता उघडता झालेली असते. सही करून झाल्यावर साहेब विचारतात, ‘नाव काय म्हणालात?’

नाव! रेशनकार्डावर बाळू, आधारवर बाळासाहेब, सातबाऱ्यावर बाळा. आता हे तिघे एकच आहेत, याचा आणखी एक बाँड. म्हणजे मजूर पाचशे रुपये मोजून शपथेवर सांगतो की तो तोच आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बाळकृष्ण निघाला तर चौथ्या बाळासाठी पुन्हा टायपिस्ट, पुन्हा नोटरी, पुन्हा तो लाल गोल शिक्का. असे करत करत एका माणसाच्या चार नावांवर हजाराचे बाँड चढतात आणि मूळ दावा असतो बांधावरच्या दोन फुटांचा. पोलीस ठाण्यात मोबाइल हरवल्याचा दाखला मागा, तिथेही ‘बाँडवर लिहून आणा’. जप्त झालेली मोटारसायकल सोडवायला जा, बाँड. उद्या एखाद्याने फाटकाशी उभे राहून ‘मला इथे यायचे नव्हते’ असे म्हटले, तरी कोणीतरी सांगेल, ‘ठीक आहे, बाँडवर द्या.’

आता कोणी म्हणेल, नियम म्हटल्यावर पाळायलाच हवा. नियम पाहू. 1 जुलै 2004 च्या अधिसूचनेने जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला वगैरेंसाठी शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात माफ झाले. साधा कागद चालतो. तरीही पुढची वीस वर्षे प्रत्येक खिडकीत शंभरचा बाँड घेतला गेला. मग ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराच्या जागी किमान पाचशे आले आणि खिडक्यांनी न लागणाऱ्या शंभराच्या जागी न लागणारे पाचशे मागायला सुरुवात केली. ओरड झाली, तेव्हा 2025 मध्ये दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांचे हे पाचशे माफ केल्याचे जाहीर झाले. माफ असलेले पुन्हा माफ झाले, पेपरात बातम्या आल्या आणि इकडे विक्रेत्यापुढची रांग जागची हलली नाही.

रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. पाचशेचा बाँड म्हणजे दीड दिवसाहून जास्त मातीकाम, वर टायपिंग, नोटरी आणि बुडालेला रोज वेगळाच. ज्या बाईला कायदा उत्पन्न विचारत नाही, तिच्याकडूनही उत्पन्नाचा बाँड घेतला जातो, कारण ‘फाइलला लागतो’. कोणत्या नियमाने लागतो, हे त्या फाइलला विचारायची कोणाची टाप नाही. आणि हा पैसा कोणा बिल्डरच्या खिशातून निघत नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या, पोटगीचा अर्ज करायला आलेल्या बाईच्या कमरेच्या पिशवीतून निघतो. लाज वाटायला हवी, पण लाज फाइलला लागत नाही.

एखादा शिकलेला पोरगा बापाबरोबर येतो, मोबाइलवर 2015 चा शासन निर्णय दाखवतो. कायद्याने बंधनकारक नसेल तिथे प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र घ्यावे, असे त्यात लिहिले आहे. बाबू चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचतो. वाद घालत नाही.

‘बरोबर आहे तुझं. स्वयंघोषणापत्र दे की. फक्त बाँडवर दे.’

पोरगा फाटकाबाहेर येतो. विक्रेता खण उघडून बघतो.

‘पाचशेचा संपला. शंभरचे पाच देतो. प्रत्येकी दहा वर पडतील.’