मी-सेवेचा मराठी अर्थ

सिकंदराबादेत मुरलेल्या मराठी माणसाला एक छोटे सुख लाभते: इथल्या काही पाट्या त्याला दोनदा वाचता येतात. आता सरकारी सेवा केंद्रांवरची 'मी-सेवा' हीच पाटी घ्या. तेलुगूत 'मी' म्हणजे तुमची, आपली. सरकार हात जोडून म्हणते आहे, आपल्या सेवेला हजर. मराठी डोळा मात्र पहिल्या अक्षरालाच अडखळतो. मी सेवा. म्हणजे माझी मीच करून घ्यायची. इतकी वर्षे मी ही भाषेची गंमत समजत होतो. २०२० च्या पुरानंतर खात्री पटली की मराठी वाचनच अधिक अचूक आहे. त्यानिमित्त आपल्या शहराच्या मदत-व्यवस्थेचे चार शब्दांत कौतुक करावे, असे बरेच दिवस मनात होते. आपल्याकडे चांगल्याला चांगले म्हणण्याची पद्धत नाही, ती कोणीतरी सुरू केली पाहिजे.

त्या वर्षी १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागले आणि आत सरकत आमच्यापर्यंत आले. चक्रीवादळ होण्याआधीच ते जमिनीवर चढले, त्यामुळे त्याला नाव मिळाले नाही. जूनमध्ये अलिबाग-श्रीवर्धनला झोडपणाऱ्या वादळाचे 'निसर्ग' असे बारसे झाले होते. आमच्याकडचे बिचारे अनामिकच राहिले. तरी बेगमपेठच्या वेधशाळेने चोवीस तासांत सुमारे १९२ मिमी पाऊस मोजला. टोलीचौकीच्या नदीम कॉलनीत पाणी दिवसेंदिवस हलले नाही, आणि कुठे कुठे तर अख्खे तलावच घरांच्या भेटीला आले. अर्थात तलावांच्या जागी घरे आधी गेली होती, तेव्हा ही परतभेटच म्हणायची.

१९ ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी ५५० कोटी रुपये जाहीर केले. पूरग्रस्त कुटुंबाला दहा हजार, घर पूर्ण पडले असेल तर एक लाख, थोडे पडले असेल तर पन्नास हजार. रक्कम लहान होती असे कोणी म्हणू नये. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांत कुटुंबाच्या कपड्यांसाठी १८०० आणि भांड्यांसाठी २००० रुपये धरले होते. म्हणजे संपूर्ण संसार ३८०० रुपयांत पुन्हा उभा राहतो, असे दिल्लीत कोणीतरी बसून हिशेब केला होता. त्यापुढे दहा हजार म्हणजे चैन. शिवाय दहा हजारांत जी समता आहे ती संविधानाच्या उद्देशिकेनंतर इतकी स्पष्ट कुठे दिसत नाही. ज्याची चटई भिजली त्याला दहा हजार, आणि ज्याचा फ्रीज, शिलाई मशीन, मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या साड्या गेल्या त्यालाही दहाच. नुकसान मोजत बसण्याचा कमीपणा सरकारने स्वतःकडे घेतला नाही.

पुराव्याचे काम तर नागरिकांनी फार आवडीने केले. रसूलपुऱ्याच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एक मावशी राहतात. पाणी ओसरल्यावर त्यांनी दोरीला चिमटे लावून आधार कार्डे, रेशन कार्ड आणि वीजबिल वाळत घातले होते. चादरी अजून बादलीतच होत्या. भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची एक रेघ उमटली होती, जमिनीला अगदी समांतर, गवंड्याने पाणसळ धरून काढावी तशी. त्यांचा धाकटा ओले फडके घेऊन ती पुसायला लागला, तर मावशी ओरडल्या, "अरे पुसू नको ती! साहेब यायचेत!" दोन हात अंतरावरचे देवांचे फोटो स्वच्छ पुसलेले, आणि ती रेघ जशीच्या तशी. पुढे किती आठवडे ती तशी जपली होती, कोण जाणे. घरातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज भिंतीवरच होता, त्याला लॅमिनेशन तेवढे नव्हते.

याबाबतीत महाराष्ट्र आमच्या पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडालेली असताना मोफत धान्यासाठी निघालेल्या शासन आदेशात, क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असण्याची अट होती. दहा किलो तांदूळ आणि दहा किलो गहू मिळवायचे तर पंचगंगेनेही थोडी शिस्त पाळायला हवी. लोक विनाकारण चिडले. अडतीस तासांनी ओसरणाऱ्या हलगर्जी पाण्याला सरकारने का प्रोत्साहन द्यावे? मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो छापलेले स्टिकर लागले, त्यावरही टीका झाली. माणूस बुडत असताना आपल्याला कोण वाचवते आहे हे त्याला कळले नाही, तर ऋण फेडणार कोणाचे?

आमच्याकडे आधी घरोघर जाऊन रोख वाटप झाले. अधिकारी गल्लीत यायचे, पाठोपाठ स्थानिक कार्यकर्ते. "पानी आया था क्या?" "आया था साब, घुटने तक आया था." हा संवाद त्या दिवसांत इतक्या वेळा झाला की लहान पोरे तो खेळायला लागली होती. दहा हजारांतले काही जागच्या जागी दुसऱ्याच खिशात जातात, अशा तक्रारी आल्या, मोर्चे निघाले, विरोधकांनी आरोप केले. मला त्यात एक बाजू नेहमी राहून गेल्यासारखी वाटते. पूरग्रस्तांची यादी करणे, कोणाच्या घरात गुडघाभर आणि कोणाच्या घरात घोटाभर हे लक्षात ठेवणे, एकही थेंब न शिरलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही न विसरणे, ही मेहनत आहे. मेहनतीचा मोबदला मागू नये, असे कामगार कायद्यात कुठेही नाही.

व्यापाऱ्यांना मात्र सरकारने सर्वाधिक सन्मान दिला, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यांना काहीच दिले नाही. दहा हजार होते ते कुटुंबासाठी. तळघरात गोदाम असलेल्या दुकानदाराचे काय, हा प्रश्न विचारणेसुद्धा त्याच्या कर्तबगारीवर अविश्वास दाखवणे होते. राणीगंजात पाणी उपसायचे पंप मिळतात, विमा कंपन्यांची कार्यालये शहरात जागोजागी आहेत, आणि बँकेच्या कर्जाचा हप्ता पुरातही न भिजता वेळेवर येतो. माणूस स्वावलंबी व्हायला आणखी काय लागते? आपत्ती निवारण निधीच्या निकषांत हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिराला हत्यारांसाठी ४१०० आणि कच्च्या मालासाठी तेवढेच, अशी तरतूद होती. किराणा, कटलरी, झेरॉक्स या कला अजून हस्तकलेत मोडत नाहीत. झेरॉक्सवाल्याचे मशीन गेले तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने होती: पुढचा महिनाभर अख्ख्या शहराला आधार कार्डाच्या प्रती लागणार होत्या.

कारण नोव्हेंबरात वाटपाचा मार्ग बदलला. ज्यांना मिळाले नाही त्यांनी मी-सेवा केंद्रात अर्ज करावा, पैसे खात्यात येतील, असे ठरले. आणि मग रांगा लागल्या. पहाटेपासून, केंद्राच्या पायरीपासून सुरू होऊन पुढच्या चौकाला वळसा घालणाऱ्या. ते कोरोनाचे वर्ष होते. आठ महिने सरकार आम्हाला सांगत होते की एकमेकांपासून सहा फूट लांब राहा, आणि त्या एका आठवड्यात त्याच सरकारने आम्हाला पुन्हा जवळ आणले. मुखपट्टी हनुवटीवर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पुढे उभ्या माणसाच्या पाठीवर फॉर्म ठेवून भरायचा. नाव, घर क्रमांक, पिनकोड, आधार, मोबाईल, खाते क्रमांक. टोलीचौकीकडे अशाच एका रांगेत एक महिला कोसळली आणि मरण पावली. तिच्या घरात पाणी किती आले होते, याची नोंद तोवर व्हायची होती.

१७ नोव्हेंबरला महापालिकेच्या निवडणुकीची अधिसूचना निघाली, मतदान १ डिसेंबरला. १८ तारखेला राज्य निवडणूक आयोगाने आचारसंहितेमुळे वाटप थांबवायला सांगितले. ऑक्टोबरातल्या पुराची मदत नोव्हेंबरच्या मध्यावर, मतदानाच्या पंधरवडाभर आधी, ऐन भरात यावी, हा काळाचा योग होता. त्याला हेतू चिकटवणाऱ्यांचे मन कोते असते. थांबवले कोणी, यावर मग आठवडाभर चर्चा रंगली. सत्ताधारी म्हणाले, भाजपने पत्र लिहून थांबवले. भाजपचे प्रदेशाध्यक्ष बंडी संजय यांनी चारमिनारच्या भाग्यलक्ष्मी मंदिरात जाऊन, आपण असे पत्र लिहिले नाही, अशी शपथ घेतली. भाजपने निवडून आल्यास पंचवीस हजार देऊ म्हटले. दहाचे पंचवीस झाले, तेही पाण्याची पातळी एक इंचाने न वाढता. महागाईचा दर इतक्या झपाट्याने जनतेच्या बाजूने पळालेला मी पाहिलेला नाही. रांगेतला माणूस मात्र घरी गेला, कारण शपथ खात्यात जमा होत नाही.

जुन्या काळच्या लोकांना हे सारे जमले नव्हते. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने शहर धुऊन नेले, सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे म्हणतात. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर दीडशे जण जीव मुठीत धरून बसले आणि वाचले. झाडाने कोणाचा रहिवासी दाखला पाहिला नव्हता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीही गडबडीत तीच चूक केली. महालांचे दरवाजे उघडले, अन्नछत्रे घातली, आणि अर्ज कुठे करायचा हे ठरवायचे राहूनच गेले. त्याहून मोठी चूक पुढच्या वर्षी झाली. त्यांनी विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेला हा अभियंता. त्याने पाणी शहरात शिरण्याआधी अडवा म्हणून सांगितले, आणि दुर्दैवाने त्याचे ऐकले गेले. १९२० मध्ये उस्मानसागर झाला, १९२७ मध्ये हिमायतसागर. मुसीला पुढे किती तरी वर्षे तसे थैमान घालता आले नाही. इतक्या पिढ्यांना मदत घेण्याची संधी नाकारली गेली, त्याची भरपाई कोण देणार?

सुदैवाने ती परंपरा आपण चालवली नाही. ऑगस्ट २००० मध्ये बेगमपेठला एका दिवसात सुमारे २४० मिमी पाऊस पडला, तेव्हाही एक अहवाल आला, किर्लोस्कर समितीचा. आडनाव ऐकून मराठी माणसाचा ऊर भरून यावा. २००३ च्या त्या अहवालात नाले रुंद करा, नाल्यांवरची बांधकामे हटवा, असे सगळे होते. त्यावर आपण इतके संयमाने वागलो की २०२० मध्येही त्यातला सल्ला कोरा करकरीत वापरता येत होता. अहवाल कोरडा राहिला, हे त्या वर्षी फार थोड्या वस्तूंबद्दल म्हणता आले. नंतर नाल्यांसाठी नवा कार्यक्रम निघाला, कामेही झाली, नाही असे नाही. एप्रिल २०२३ मध्ये आमच्या सिकंदराबादेतच, कळासीगुड्यात, पावसाच्या सकाळी दूध आणायला निघालेली एक लहान मुलगी उघड्या गटारात पडून गेली. तिथे मला कौतुकाचा शब्द सुचत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

तर २०२० च्या त्या निवडणुकीचा ४ डिसेंबरला निकाल लागला. दीडशेपैकी कोणालाच बहुमत नाही. निम्म्याहून जास्त मतदार मतदानाला गेले नाहीत. रांगेत उभे राहायची त्यांची हौस बहुधा नोव्हेंबरातच फिटली होती. पण वाटप ७ डिसेंबरपासून पुन्हा सुरू होईल, असे प्रचारसभेत सांगितले गेले होते, आणि लोकांनी भाषणातली तेवढी एक ओळ नीट ऐकली होती. ७ तारखेला केंद्रांसमोर पुन्हा गर्दी झाली. महापालिकेकडून खुलासा आला: मी-सेवा केंद्रात येण्याची गरज नाही, आमची पथके घरोघर येऊन पाहणी करतील, पैसे थेट खात्यात जातील. बातमी मोबाईलवर फिरत रांगेच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत आली. काहींनी वाचून दाखवली, काहींनी मान डोलावली. जागचे मात्र कोणी हलले नाही. गरज नाही म्हटले म्हणून कोणी जागा सोडते का?

मीही मावशींचे कागद घेऊन तिथे होतो. त्या भिंतीची राखण करायला घरी थांबल्या होत्या. मागून एक बाई धापा टाकत आल्या, कडेवर पोर, हातात तीच प्लास्टिकची पिशवी. रांगेकडे पाहत त्यांनी विचारले, "आखिर में कौन है?"

"मी," मी म्हणालो.