समोरचा स्क्रीन शोधण्याचा यथासांग विधी

फोन हातात आहे, ॲप उघडं आहे, स्क्रीन लख्ख दिसतो आहे. तरीही ज्याने तो स्क्रीन लिहिला, त्यालाच 'आत्ता कोणता स्क्रीन समोर आहे' हे कोडमधून सांगता येत नाही. या पेचातून सुटण्यासाठी पुढील विधी श्रद्धेने करावा.

विधीला स्थान उत्तम ते हैदराबाद. १९९८ साली इथे सायबर टॉवर्स उभा राहिला, मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट सेंटरही त्याच वर्षी आलं, आणि पुढे माधापूर-गचीबावली पट्ट्यात जागा शिल्लक राहिली नाही. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने येणाऱ्या साधकाने परमुलखात आल्यासारखं वागू नये. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्याने आधी अमीरपेठेत मैत्रीवनमच्या आसपास एखादा कोर्स करावा. तिथे ॲक्टिव्हिटीच्या, म्हणजे अँड्रॉइड ॲपमधल्या एका स्क्रीनच्या, जीवनचक्राची आकृती पाठ करून घेतात. मुलाखतीत तीच विचारतात. नोकरी लागली की ती विसरण्याची प्रथा आहे.

मग संकल्प. तो साधकाने सोडायचा नसतो, वरिष्ठ सोडतात: "सेशन संपलं की, युजर कुठल्याही स्क्रीनवर असो, लॉगिनचा डायलॉग दाखव." सेशन संपल्याची बातमी येते सर्व्हरकडून, ती कळते नेटवर्कच्या कोडला, आणि त्या बिचाऱ्याकडे स्क्रीन नसतो. तो शोधत सुटतो.

पहिला मोह 'गेटरनिंगटास्क्स'चा. एका ओळीत उत्तर देणारं हे फंक्शन अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, बाहेरच्या ॲप्ससाठी बाद ठरवलेलं आहे. ॲपचा मूळ कारभार यावर कधीच चालवू नका, असं गूगलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं आहे. कागदपत्रं वाचणं हे विधीत ऐच्छिक असल्याने हा मोह आजही अनेकांना होतो. दुसरा मोह रिफ्लेक्शनने सिस्टिमच्या पोटात हात घालण्याचा. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून त्या हातावर फटके बसू लागले.

आता शास्त्रोक्त मार्ग. ॲप्लिकेशन क्लासमध्ये 'ॲक्टिव्हिटीलाइफसायकलकॉलबॅक्स' नोंदवावेत. ही सोय २०११ च्या अँड्रॉइड ४ पासून आहे. जी ॲक्टिव्हिटी ऑनरिझ्यूमला येईल तिचं नाव टिपून ठेवावं. इतकं सोपं वाटलं की घात ठरलेला.

समजा, मेट्रोच्या तिकिटाचं ॲप आहे. प्रवासी 'अमीरपेठ ते रायदुर्ग' निवडतो आणि पैसे भरायच्या स्क्रीनवर जातो. त्याला दिसते एक टिचकी. आत क्रम असा चालतो: तिकिटाच्या स्क्रीनचं ऑनपॉज, मग पैशांच्या स्क्रीनचं ऑनक्रिएट, ऑनस्टार्ट, ऑनरिझ्यूम, आणि हे सगळं उरकल्यावर निवांतपणे तिकिटाच्या स्क्रीनचं ऑनस्टॉप. साधकाने ऑनस्टॉपमध्ये 'टिपलेलं नाव पुसा' असं लिहिलं असेल, तर जुना भाडेकरू जाताना नव्याच्या नावाची पाटी उचलून नेतो. पैशांचा स्क्रीन समोर झगमगतोय आणि कोड म्हणतो, कुणीच नाही. तेव्हा पुसण्याआधी ते नाव आपलंच आहे ना, हे तपासावं. शिवाय नावाऐवजी ॲक्टिव्हिटीच टिपली असेल, तर ती 'वीक रेफरन्स'मध्येच ठेवावी. नाहीतर फोन आडवा केला की ॲक्टिव्हिटी नव्याने जन्मते आणि जुनी, सगळ्या चित्रांसकट, मेमरीत मुक्काम ठोकू शकते.

यानंतर साधकाला तत्त्वज्ञानाचा झटका येतो: दिसणं म्हणजे काय? लोकेशनची परवानगी मागणारी चौकट आली की मागचा स्क्रीन दिसत असतो, पण पॉज झालेला असतो. नकाशा छोट्या खिडकीत तरंगवण्याची सोय २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने दिली. बायो-डायव्हर्सिटी जंक्शनच्या गर्दीत ऑटोतला प्रवासी त्या खिडकीकडे डोळे लावून बसलेला असतो आणि सिस्टिमच्या लेखी ती ॲक्टिव्हिटी पॉज असते. उलट २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून स्क्रीन दुभागला तर दोन्ही भाग एकाच वेळी रिझ्यूम असू शकतात. म्हणजे प्रश्नाला कधी दोन उत्तरं, कधी दिसत असूनही एकही नाही. त्यातल्या त्यात 'सगळ्यात वरची कोण' हे कळावं म्हणून त्याच आवृत्तीत 'ऑनटॉपरिझ्यूम्डॲक्टिव्हिटीचेंज्ड' दिलं आहे. नाव एका दमात म्हणता आलं तर वापरावं.

सर्व यथासांग पार पडल्यावर उत्तर येतं: 'मेनॲक्टिव्हिटी'. दुसऱ्या स्क्रीनवर गेलं तरी 'मेनॲक्टिव्हिटी'. कारण हल्लीच्या बऱ्याच ॲप्समध्ये ॲक्टिव्हिटी एकच असते, आत फ्रॅगमेंट किंवा कंपोझचे स्क्रीन बदलतात. अशा वेळी नॅव्हकंट्रोलरला 'करंटडेस्टिनेशन' विचारावं आणि वरची मेहनत कुणाला सांगू नये.

आयफोनवाल्यांनी हसू नये. त्यांनी मुळाच्या कंट्रोलरपासून निघून 'प्रेझेंटेड' कोण, टॅबमध्ये निवडलेला कोण, असं विचारत शेंड्यापर्यंत जायचं असतं. ज्या 'कीविंडो'पासून ही यात्रा सुरू व्हायची, तीही ॲपलने २०१९ च्या आयओएस १३ मध्ये बाद केली, कारण आयपॅडवर एकाच ॲपच्या अनेक खिडक्या उघडू लागल्या.

कोणत्या स्क्रीनवर लोक रेंगाळतात याची नोंद ठेवायची असेल, तर हा विधी जरूर करावा. लॉगिनच्या डायलॉगसाठी मात्र तो निव्वळ अपव्यय आहे. नेटवर्कच्या कोडने 'सेशन संपलं' एवढी हाळी द्यावी आणि गप्प बसावं. जो स्क्रीन जागा असेल तो ऐकेल आणि डायलॉग दाखवेल. संकल्प सोडणाऱ्या वरिष्ठांना हे कोड रिव्ह्यूच्या आधी सांगावं, नंतर सांगून उपयोग होत नाही.

आणि दुसऱ्याचा कोड गळ्यात पडला असून फक्त समोरचा स्क्रीन कुठल्या क्लासमधून येतो एवढंच बघायचं असेल, तर फोन केबलने जोडावा, टर्मिनलमध्ये 'एडीबी शेल डम्पसिस ॲक्टिव्हिटी ॲक्टिव्हिटीज' चालवावं आणि येणाऱ्या ढिगाऱ्यात 'रिझ्यूम्डॲक्टिव्हिटी' शोधावं. क्लासचं नाव त्याच ओळीत असतं.