विज्ञानाच्या कपाटाच्या कुलुपास खुले पत्र

श्रीमान कुलूपराव यांसी, सा. न. वि. वि.

शाळेच्या विज्ञानकक्षात आपण देत असलेला अहोरात्र पहारा पाहून ऊर भरून येतो. आपल्या कृपेने सगळी चंचुपात्रे अखंड आहेत, एकही परीक्षानळी तडकलेली नाही. जडसंग्रह नोंदवही तपासायला येणाऱ्या साहेबांना बोट ठेवायला जागा नाही. मुलांना काचेतून दर्शन घडते. सातवीला तेवढे पुष्कळ झाले!

माझ्या मुलीची प्रयोगवही आपल्यामुळेच इतकी स्वच्छ राहिली, त्याबद्दल शतशः आभार. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळे फळ्यावरून उतरवलेले. आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, हे निरीक्षण तिने लिटमस डोळ्यांनी न पाहता नोंदवले. वर्गातल्या सगळ्या वह्यांत तेच वाक्य आहे.

आतला ऐवजही आपण जिवापाड जपलात. पट्टीचुंबक कसेही एकत्र पडून दुबळे झाले, मॅग्नेशियमच्या फितीवर थर चढला, कॉस्टिक सोड्याने ओलावा शोषून बाटलीत दगड धरला. मोजायला सगळे आहे, वापरायला काही नाही.

दोष एकट्या आपला नाही, हे मी जाणते. ‘फुटले तर भरून कोण देणार?’ या धाकाने भल्याभल्या बाई-सरांनी किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात टाकली. शिक्षकांना धाक घालायचा आणि मुलांना विज्ञानाची गोडी नाही म्हणून गळा काढायचा, याचा मला मनस्वी संताप येतो.

एक जुनी आगळीक आपल्या कानावर घालते. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत सहावी ते आठवीची मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करू लागली. लेखी परीक्षेला पुस्तक उघडायची मुभा होती, प्रयोगाची परीक्षा वेगळी. त्याच कामात अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब जोडून मुलांना भूमितीचे आकार हातात दिले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून विज्ञान शिकवले. होशंगाबादचा कार्यक्रम शेकडो शाळांत पोचला होता. २००२ साली सरकारने तो बंद केला. आपल्या बिरादरीत पेढे वाटले गेले असतील.

परवा माझ्या मुलीने कागदाला हळद फासली, त्यावर साबणाचे पाणी टाकले. कागद तांबडा झाला. मग लिंबू पिळले, पुन्हा पिवळा. मग चुना, मग चिंच, मग खायचा सोडा. जेवायला हाक मारली तरी उठेना. हीच ती मुलगी, जिला विज्ञानात रस नसल्याचा शेरा मिळाला आहे.

मुख्याध्यापक महोदय, काच फुटणारच. फुटेल ती दरवर्षी रीतसर निर्लेखित करा, पण शिक्षकाच्या खिशाला हात लावू नका. आणि पालकहो, येत्या पालकसभेत गुणांची चौकशी करण्याआधी कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते विचारा.

कळावे,
सातवीतल्या एका मुलीची आई