साडेतेरा तासांची मुदत

ब्रेव्हे नावाच्या सायकलप्रकारात पहिला, दुसरा, तिसरा असं कोणी नसतं. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे, एवढंच. कोणी सात तासांत आला काय आणि कोणी मुदतीला दोन मिनिटं उरली असताना कण्हत आला काय, दोघांना मान सारखा. आमच्या सोसायटीतल्या नानांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नुसतं पास-नापास?"

"हो."

"मग फर्स्ट क्लास किती तासांना?"

पुण्यात ही अडचण येणारच. नंबर नसलेल्या गोष्टीसाठी माणूस पहाटे चारला का उठेल, हे इथे कोणाला कळत नाही. आणि घाटात मध्यावर पोचल्यावर खुद्द त्या माणसालाही कळेनासं होतं.

हे सगळं फ्रेंचांचं. ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ ही संस्था या मुदती ठरवते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. चारही एका हंगामात केलीत की तुम्ही 'सुपर रँडोनिअर'. त्याच्याही वर पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस, १२०० किलोमीटर, नव्वद तास, दर चार वर्षांनी. त्याची सुरुवात १८९१ ची. त्या वर्षी पुण्यात संमतिवयाच्या कायद्यावरून लोक एकमेकांवर तुटून पडत होते आणि तिकडे शार्ल तेराँ नावाचा गृहस्थ ७१ तासांत ब्रेस्टला जाऊन पॅरिसला परत येत होता. झोप दोन्हीकडे कोणालाच नव्हती.

फ्रेंचांचं असलं तरी यातलं कागदपत्रांचं प्रेम मात्र अस्सल आपलं आहे. निघताना रेशनकार्डासारखं एक कार्ड हातात देतात. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत पोचून त्यावर शिक्का घ्यायचा. शिक्का मारायला माणूस नसेल तर तारीख-वेळ छापलेली एटीएमची पावती चालते किंवा बिल. "बिल मिळेल का?" असं मी एका टपरीवर विचारलं तेव्हा चहावाल्यानं किटली खाली ठेवली. "दोन कटिंगचं? कुठल्या ऑफिसात लावताय?"

शिवाय मदत घ्यायची नाही. मागून गाडी आणायची नाही, आणायची तर फक्त शिक्क्याच्या जागी. हा नियम मी घरी वाचून दाखवला. "म्हणजे मी डबा घेऊन गाडीनं पाचगणीला यायचं, तुम्ही जेवणार आणि परत सायकलवर बसणार?" बायकोनं विचारलं. मी हो म्हणालो. "मग मी स्ट्रॉबेरी खायला येईन. डब्याचं बघू."

मार्ग पुणे-पाचगणी-पुणे. सकाळी सहाला सुटलो. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट, पुढे-मागे दिवे. कात्रजचा जुना घाट अंधारातच चढून झाला, त्यामुळे तो किती आहे हे कळलं नाही. अंधाराचा हा फायदा आयोजकांना ठाऊक असावा. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर बाजूनं निघून गेलो. सायकलला टोल नाही. एवढ्या मोठ्या नाक्यावरून एक पैसाही न देता पलीकडे गेल्यावर पुण्याच्या माणसाच्या पायांत जे बळ येतं, ते कुठल्याही एनर्जी जेलनं येणार नाही. मला ते नीरेच्या पुलापर्यंत पुरलं. पुढे सातारा जिल्हा.

खंडाळा मागे पडलं की खंबाटकी. जाताना घाट चढावा लागला, बोगदा तेव्हा फक्त परतीच्या वाहतुकीला होता. माझ्या बरोबरीनं एक भरलेला ट्रक चढत होता. आमचा वेग तंतोतंत सारखा. पहिल्या वळणावर तो पुढे, दुसऱ्या वळणावर मी, आणि तिसऱ्यापर्यंत क्लीनरशी ओळख झाली.

"कुठं निघालाय, काका?"

"पाचगणी."

"काय काम?"

"काम काही नाही."

"मुक्काम?"

"नाही. पोचलो की परत फिरायचं."

तो आत वळून ड्रायव्हरला काहीतरी बोलला. चालू घाटात ड्रायव्हर क्लीनरच्या अंगावरून वाकला आणि त्यानं मला नीट पाहून घेतलं. पुढच्या वळणावर पाण्याची बाटली खिडकीतून बाहेर आली. नियमात बसत नसल्यामुळे मी नको म्हणालो. मग ते दोघंही काही बोलले नाहीत. माथ्यावरून ट्रक उताराला लागला, तोवर क्लीनर मागे वळून माझ्याकडे बघत होता.

सुरूर फाट्याला वळून वाई. मराठी विश्वकोश तयार झाला तो या गावात. जगातल्या सगळ्या विषयांच्या नोंदी तिथे केलेल्या, पण ज्ञानाचा मार्ग माणसाला पसरणी घाटापासून वाचवत नाही. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. त्यांच्या पहाडी आवाजाचं मूळ मला तिथे समजलं: लहानपणापासून हा घाट समोर असला की छाती होणारच. माझ्या छातीतून मात्र निराळे आवाज येत होते.

वाई साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. मधलं अंतर दहा-बारा किलोमीटर, आणि त्यात सपाट असं काहीही नाही. घाटात दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, एसटीच्या खिडकीखालून सायकल नेऊ नये. वळणं लागली की आतल्या प्रवाशांच्या पोटात काय चाललंय ते बाहेरच्याला सांगून येत नाही. दुसरी, दमलो असं म्हणू नये. कोणीच म्हणत नाही. सगळे "एक फोटो घेतो" म्हणून उतरतात. खाली धोमचं पाणी चमकत असतं, पलीकडे डोंगरांच्या रांगा. पसरणी घाटाचे जगात जेवढे म्हणून फोटो आहेत, त्यांतले सगळेच काही निसर्गप्रेमातून निघालेले नाहीत. गाडीतले लोक मात्र काचा खाली करून "कम ऑन, काका!" ओरडत होते. एका पोरानं आईला विचारलं, "हे काका पडलेत का?" मी चालवत होतो.

शंभराव्या किलोमीटरचा शिक्का बारा चाळीसला बंद होतो. मी पोचलो तेव्हा टेबलामागचा मुलगा घड्याळाकडे बघत होता आणि बायको स्ट्रॉबेरीच्या दुसऱ्या डिशकडे. डबा तिनं आणला होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

परतीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. उतारावर ब्रेक दाबून बोटं बधिर झाली, बोगद्यात ट्रकच्या आवाजानं कान, आणि शिरवळनंतर बसण्याची जागा. वारा समोरून होता. तो जातानाही समोरूनच होता. सकाळी अंधारात लपलेला कात्रज संध्याकाळी दुसऱ्या बाजूनं, उजेडात, पूर्ण लांबीचा उभा होता.

साडेसातची मुदत, तिच्या थोडं आधी मी टेबलापाशी सायकल आडवी केली. तिथल्या मुलीनं कार्डावर शेवटचा शिक्का मारला. "काका, मेडल हवंय का? त्याचे पैसे वेगळे."

"पैसे देऊन?"

"हो, ऐच्छिक असतं. न घेतलं तरी नाव लागतंच."

शेजारी एक तरुण उभा होता. तो दुपारीच पोचून, घरी जाऊन, आंघोळ करून मित्राला घ्यायला परत आला होता. "घ्या हो, काका. मी दोन घेतलीत. एक आजीला."

मी फोन काढला. घामानं आणि मिठानं अंगठा ओळखेना. मग चेहरा समोर धरला. फोननं जरा वेळ पाहिलं आणि नकार दिला. मुलीनं कार्ड उचलून वरचं नाव मोठ्यानं वाचलं. "तुम्हीच ना?"

मी कार्ड तिच्या हातातून घेतलं, एकदा स्वतः वाचून पाहिलं आणि हो म्हणालो.