हप्तेबंद साधक

सारी हयात महसूल खात्यात घालविलेल्या गृहस्थास मोक्षदेखील सालाबादच्या साऱ्याप्रमाणे हप्त्याहप्त्यानेच वसूल व्हावा असे वाटू लागले, तर त्यात नवल नाही. परंतु आमच्या आळीतील सेवानिवृत्त शिरस्तेदारांनी या कल्पनेस जे पद्धतशीर स्वरूप दिले आहे, ते अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल. ‘एकदम काही करू नये’ हे त्यांचे आद्यसूत्र होय. पहाटे उठण्याचे ठरले, तेव्हा आठवड्यास पाच मिनिटे या बेताने त्यांनी गजर अलीकडे ओढण्यास प्रारंभ केला. आणि सातांवरून साडेसहांपर्यंत मजल आली असता, थंडीचे निमित्त होऊन, जिंकलेला सर्व मुलूख त्यांनी एका रात्रीत परत केला.

पद्धत निंद्य आहे असे माझे म्हणणे नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मनाला हळूहळूच आवरावयास सांगितले आहे, आणि सबंध गीतेत शिरस्तेदारांना तेवढा एकच श्लोक पाठ आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांपायी संस्थानातील शाळकरी मुलांनाही वाकविले, ते नमस्कार शिरस्तेदारांनी महिन्यास एक या प्रमाणात वाढवीत न्यावयाचे योजिले होते. सूर्याच्या बारा नावांपैकी ‘मित्र’ त्यांच्या चांगल्या परिचयाचा झाला, ‘रवी’शी तोंडओळख झाली, पण तिसऱ्या महिन्यात कंबर धरली आणि ‘भास्करा’ची गाठ पडावयाची ती राहिलीच.

अशा प्रसंगी ते नियम मोडत नाहीत, तहकूब करतात. पीक चार आण्यांच्या आत उतरले तर सारा पूर्ण तहकूब, सहा आण्यांच्या आत उतरले तर निम्मा, हा जो रयतेच्या सोयीचा शिरस्ता त्यांनी कचेरीत आयुष्यभर राबविला, तोच त्यांनी देहास लागू केला आहे. रोज रात्री टाचणवही उघडून ते दिवसाची आणेवारी काढतात: जागरण, पाहुणे, अपचन, मळभ. रयतही तेच आणि पाहणीस आलेले अंमलदारही तेच असल्यामुळे त्यांच्या मुलखातील दुष्काळ काही केल्या हटत नाही. बाकी मात्र चोख लिहिलेली असते.

दासबोधाचे पारायण रोज एक ओवी या मानाने चालू आहे. ग्रंथाच्या ओव्या 7751, म्हणजे सांगता व्हावयास सुमारे सव्वाएकवीस वर्षे. हा हिशेब त्यांनी मला अत्यंत समाधानाने दाखविला. सांप्रत त्यांचा मुक्काम दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात, म्हणजे मूर्खलक्षणांत आहे, आणि रोज रात्री जेवणानंतर त्यांतील एकेक लक्षण मोठ्याने वाचले जात असताना वहिनी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटतात, असा शेजाऱ्यांचा अनुभव आहे. या वहिनी चातुर्मासात पहाटे उठून पिंपळास प्रदक्षिणा घालतात, एकभुक्त राहतात, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. ‘बायकांचे काम बेहिशेबी असते’, असे शिरस्तेदार म्हणतात.

गेल्या रामनवमीस त्यांनी नामजपाचा विषय काढला. समर्थांनी नाशिकनजीक टाकळीस बारा वर्षांत तेरा कोटी जप केला, ही परंपरा त्यांच्या कानी आली होती. त्यांनी तत्काळ दौत ओढली. रोज एक माळ, म्हणजे 108 नामे, धरल्यास तेरा कोटींस 3,298 वर्षे लागतात, असे उत्तर निघाले. अन्य कोणीही या आकड्याने हबकून गेला असता. शिरस्तेदारांनी तो दोनदा ताळून पाहिला, पुढील जन्मांच्या खाती रक्कम व्यवस्थित ओढली, आणि चष्मा कपाळावर चढवून मला गंभीरपणे विचारले, “का हो, सुरुवातीस सत्तावीस मण्यांची स्मरणी घेतली तर चालेल ना?”